यंत्रमागाच्या भंगारातलं ११ फुटी शिल्प काळ्या मातीत उभं करायचंय: पाया, सांधे, गंज आणि उद्घाटनाचा प्रयोग

ताणाबाणा

नमस्कार मंडळी. सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला एका संस्थेच्या मोकळ्या आवारात कायमचं शिल्प उभं करायचं आहे. तपशील आधीच देतो.

उंची ११ फूट, वजन अंदाजे ४५० किलो. मागावरून उतरणारं कापड जमिनीवर न पडता सरळ वर चढतं आणि टोकाला दुमडतं, असा आकार आहे. मधे अडीच इंची बी क्लास (मध्यम जाडीच्या) पाइपचा कणा. त्यावर भंगारातून आणलेल्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) दोन साइड फ्रेम, ९ दातेरी चाकं, क्रँक शाफ्टचे तुकडे. कापडाचा भास आणायला फण्यांच्या (मागावर ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्यांच्या) पट्ट्या, आणि दुमडलेल्या टोकापाशी ४० लाकडी धोटे (आडवं सूत नेणारे शटल). वाऱ्याला अडणारं क्षेत्र साधारण ३ चौरस मीटर. जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

काम संक्रांतीच्या आत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत लोकांसमोर यावं असं ठरलंय. उद्घाटनाला २५ मिनिटांचा प्रयोग आहे: चालत्या मागाच्या ठेक्यावर तीन कलाकार शिल्पाभोवती सूत गुंडाळत जातात.

विचारायचं ते असं. पाया किती खोल? बिडाचे भाग कण्याला वेल्ड करायचे की बोल्टने धरायचे? लोखंडाचा मूळ रंग ठेवायचा आहे, ऑइल पेंट नको, मग गंज कसा रोखायचा? आणि परवानगी कोणाची लागेल?

मुरूम_लागेपर्यंत

पायाच्या आधी कण्याबद्दल, कारण तिथे धोका जास्त आहे.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. पुण्यासाठी भारतीय मानकात मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे. हिशेबाची पद्धत कळावी म्हणून तोच घेऊ. तुमच्या जागेचा आकडा आयएस ८७५ भाग ३ च्या नकाशावरून इंजिनिअरकडून घ्या. ३९ ला दाब येतो ९१२ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलो. क्षेत्र ३ चौरस मीटर, आकाराचा गुणक १.४ धरला तर आडवा धक्का सुमारे ३९० किलो. हा धक्का चौथऱ्याच्या माथ्यापासून साधारण १.६५ मीटरवर लागतो, म्हणजे कण्याच्या बुडाशी ६४० किलो-मीटरच्या आसपास मोमेंट (वाकवणारा जोर). अडीच इंची बी क्लास पाइपमध्ये त्याने ४४० मेगापास्कलच्या पुढे ताण येतो, आणि साधं लोखंड २४० ला वाकायला लागतं. तेव्हा तो पाइप नकोच. चार इंची सी क्लास (जाड) घ्या, बाहेरचा व्यास ११४ मिमी, जाडी ५.४ मिमी. त्यात ताण १३० च्या आसपास राहतो. याच मापात बी क्लास घेतला तर ताण काठावर येतो. वजनाने काही किलोंचाच फरक पडतो, तो वाचवू नका.

आता जमीन. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. पण शिल्पाच्या बाबतीत ती सगळीकडून सारखी फुगत नाही, हा खरा त्रास आहे. एका बाजूला बागेचा नळ किंवा हिरवळ असते, दुसऱ्या बाजूला फरशी. ओल्या बाजूचा पाया उचलला जातो. ११ फुटांवर बुडाचा १ अंशाचा कलसुद्धा माथ्याला सव्वादोन इंच दिसतो.

म्हणून आधी एक चाचणी खड्डा घ्या, ३ बाय ३ फूट, पक्का मुरूम लागेपर्यंत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळ्या थराखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, पण ५० पावलांवर खोली बदलते. शेजारच्या इमारतीला ४ फुटांवर लागला म्हणून इथे लागेल असं धरू नका. ५-६ फुटांपर्यंत मुरूम लागला तर साधा फूटिंग (खांबाखालचा रुंद काँक्रीटचा तळ) पुरतो. त्याहून खोल गेला तर अंडर-रीम्ड पाइल (बुडाशी फुगीर केलेला खोल काँक्रीटचा खांब) लागेल. ते मात्र इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करू नका.

मुरूम साडेचार फुटांवर लागला असं धरून माप देतो. तळाशी ४ इंच पीसीसी (सळईशिवायचं काँक्रीट). त्यावर १.५ बाय १.५ मीटर फूटिंग, जाडी ४० सेंमी, १२ मिमी सळई दोन्ही दिशांनी १५ सेंमीवर. वर ६० बाय ६० सेंमीचा खांब, १६ मिमीच्या ८ सळया, ८ मिमीच्या रिंगा १५ सेंमीवर. हाच खांब जमिनीवर ४५ सेंमी येतो आणि चौथरा होतो. काँक्रीट एम २५ प्रतीचं, फूटिंगला कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) ५० मिमी. फूटिंग आणि खांब मिळून सुमारे साडेतीन टन भरतात. शिल्पाचं वजन धरून, वरच्या भरावाचा भार न मोजताही उलथण्याविरुद्ध दुपटीहून जास्त जोर मिळतो.

भराव निघालेल्या मातीचा करू नका. ती माती बाजूला टाका आणि मुरूम ६-६ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, कुटून भरा. चौथऱ्याभोवती ३ फूट रुंद उताराची फरशी करा. ३ फुटांच्या आत झाड, कारंजं, ठिबक काहीच नको.

पाणी मारणं: कोरड्या उष्ण हवेत किमान १० दिवस, पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस. चौथऱ्याला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. संक्रांत गाठायची तर काँक्रीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पडायला हवं. खड्डा खणून आठवडाभर उघडा ठेवू नका. तळाचा मुरूम मऊ पडला तर तेवढा थर खरवडून काढा आणि मगच पीसीसी टाका.

दिव्यांच्या वायरसाठी काँक्रीट ओतण्याआधीच चौथऱ्यात एक इंची दोन पाइप टाकून ठेवा. नंतर ड्रिल मारला तर नेमकी सळईच सापडते.

झाळ

वरच्या हिशेबाशी सहमत. बेस प्लेट १६ मिमी, कण्याला चारही बाजूंनी १० मिमीच्या त्रिकोणी पट्ट्या, १५ सेंमी उंच.

बिडाचं काम नीट समजून घ्या, कारण भंगारातल्या शिल्पाची पहिली पडझड तिथूनच होते. भंगारात एकाच ढिगात बीड आणि माइल्ड स्टील (साधं लोखंड) दोन्ही असतं. तेल-कीट चढलेली फ्रेम बघून ओळखू येत नाही. ग्राइंडर टेकवून ठिणगी बघा: माइल्ड स्टीलची ठिणगी लांब, पिवळसर-पांढरी जाते; बिडाची आखूड, लालसर, लवकर विझणारी. प्रत्येक तुकड्यावर खडूने बी किंवा एम लिहा आणि मगच मांडणी करा.

बिडात कार्बन खूप. साधी ६०१३ ची वेल्डिंगची कांडी मारली तर टाका छान बसलेला दिसतो, पण शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि गार होताना टणकन आवाज करून केसाएवढी चीर जाते. कधी तो आवाज रात्री येतो, वर्कशॉप बंद असताना. त्या चिरेत पाणी शिरलं की पुढच्या पावसाळ्यानंतर तुकडा हातात येतो. निकेलच्या कांडीने वेल्ड होतं: एका वेळी एक इंचाचा टाका, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा टाका, शेवटी कोरड्या वाळूत किंवा राखेत पुरून सावकाश गार करायचं. पण मागाच्या बिडाने वर्षानुवर्षं तेल पिलेलं असतं. आधी गॅसच्या ज्योतीने तापवून ते तेल जाळलं नाही तर टाक्यात बुडबुडे येतात. एवढं करूनही वजन पेलणारा सांधा बिडाच्या वेल्डवर सोडू नये.

माझं मत बोल्टचं. साइड फ्रेममध्ये मूळचीच भोकं असतात, ती वापरा. कण्याला माइल्ड स्टीलचे कान वेल्ड करा आणि फ्रेम १२ मिमीच्या बोल्टने त्या कानांवर टांगा. बीड आणि कान यांच्यात २ मिमी नायलॉन वॉशर. भोक बोल्टपेक्षा २ मिमी मोठं ठेवा आणि नट मोडेपर्यंत आवळू नका. बीड ताणात कमजोर असतं, कान वाकडा असला तर आवळतानाच फुटतं. बोल्ट स्टेनलेस ३०४ चे चालतील. लहान स्टेनलेस बोल्ट मोठ्या लोखंडात असेल तर त्रास कमी. उलट, मोठ्या स्टेनलेसमध्ये लहान लोखंडी बोल्ट असेल तर बोल्ट भराभर खाल्ला जातो.

सुबोध गुप्तांचं २००८ चं ‘लाइन ऑफ कंट्रोल’ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल. हजारो भांड्यांचा तो ढग आतल्या लोखंडी सांगाड्यावर उभा आहे. दिसणारी वस्तू आणि पेलणारी वस्तू वेगळी ठेवली की दोघींनाही मोकळीक मिळते. तुमची दातेरी चाकं काहीही पेलत नाहीत असंच धरून कणा करा.

पाण्याची वाट. प्रत्येक पोकळ भाग एकतर पूर्ण बंद वेल्ड करा, नाहीतर खालच्या टोकाला १२ मिमीचं भोक ठेवा. अर्धवट बंद पाइप सगळ्यात वाईट, कारण आत पाणी जातं, बाहेर येत नाही, आणि पाइप आतून बाहेर गंजत येतो. दातेरी चाकं आडवी लावाल तर ताटली होईल. ५ अंश तरी कलती ठेवा किंवा आरीखाली भोक पाडा. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून असतील तर कडेने सलग टाका मारून फट बंद करा. एक सोडून एक टाके मारून सोडून दिलेल्या फटीतून वर्षभर तपकिरी ओघळ येत राहतो, मग वर कोणताही थर द्या.

फण्यांबद्दल कोणी बोललेलं नाही, म्हणून सांगतो. जुन्या फणीचे दाते वरच्या-खालच्या कडेला दोरा आणि डांबरासारख्या पिचमध्ये बसवलेले असतात. आपल्या मे महिन्यात काळं लोखंड ६० अंशांच्या पुढे तापतं. तेवढ्यात पिच मऊ होतं आणि दाते कंगव्यासारखे एकेक करून तिरपे होतात. फणीची कड दोन २५ बाय ३ मिमी पट्ट्यांमध्ये धरा, आत इपॉक्सी ओता, दर १५ सेंमीवर ६ मिमी बोल्ट. दाते बारीक असतात, गंज त्यांना लवकर संपवतो. शक्य असेल तर स्टेनलेस दात्यांच्या फण्या निवडून तिथे लावा.

लाकडी धोटे मात्र बाहेर लावू नका. दोन उन्हाळ्यांत उभे तडे जातात, टोकाची लोखंडी टोपी सैल होते, आणि ११ फुटांवरून पडलेलं ते टोक खालच्या माणसाच्या डोक्यासाठी आहे. ४० पैकी एका चांगल्या धोट्याचा साचा घेऊन ॲल्युमिनियममध्ये ओतून घ्या. खरे धोटे आत दालनात, सावलीत मांडा.

ताणाबाणा

मुरूम_लागेपर्यंत आणि झाळ, दोघांचेही आभार. कणा बदलतो, धोटे ओतून घेतो. चाचणी खड्डा याच आठवड्यात. गंजाचं मात्र अडलंय. काही जणांनी सुचवलं की गंजू द्या आणि वरून क्लिअर लॅकर (पारदर्शक वार्निश) मारा, रंग छान येतो.

हिरडा

लॅकर मारू नका. गंजलेला थर स्वतःच भुसभुशीत असतो, लॅकर त्यावर चिकटतं, धातूवर नाही. उन्हाने लॅकर पिवळं पडतं, कडेला उचलतं, खाली पाणी कोंडतं आणि मग पापुद्रे निघतात. तो काढायचा म्हणजे सगळं परत घासायचं.

गंजाचा रंग टिकवणारं पोलाद वेगळं असतं, कॉर्टेन. शिकागोतलं पिकासोचं १९६७ चं शिल्प त्याचंच आहे. त्यात तांबं, क्रोमियम वगैरे मिसळलेलं असल्याने गंजाचा थर घट्ट बसतो. तुमचं भंगार तसं नाही, ते गंजतच राहणार.

लोखंडाचा गडद रंगच हवा असेल तर टॅनिक ॲसिड. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो, हे कापड रंगवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जुन्या लोखंडी वस्तू जतन करणारे तेच वापरतात. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, तेल थिनरने पुसायचं, मग पाण्यात साधारण ५ टक्के टॅनिक ॲसिड ब्रशने घासून लावायचं, वाळू द्यायचं, असे तीन हात. निळसर-काळा रंग येतो. त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स (बारीक कणांचं मेण): धातू कोमट असताना पातळ थर, मऊ कापडाने घासून. हे दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी मे अखेरीस परत करावं लागतं. संस्था ते लेखी मान्य करणार असेल तरच या वाटेला जा.

नसेल तर रंगच द्या, पण नीट. सँडब्लास्ट करून चार तासांच्या आत झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर ६०-७५ मायक्रॉन, मधे इपॉक्सी १०० मायक्रॉन, वर मॅट गडद करड्या रंगाचं ॲलिफॅटिक पॉलियुरेथिन ५०-६०. इपॉक्सीवरच थांबलात तर एका उन्हाळ्यात बोटाला खडूसारखी पूड लागते, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. दुपारी फवारू नका. तापलेल्या पत्र्यावर थेंब पोचायच्या आत सुकतो आणि खरखरीत पूड बसते. सकाळी, पत्र्यावरचं दव पूर्ण उडाल्यावर सुरू करा. मॅट करड्या रंगात मागाचं लोखंड फार वेगळं दिसत नाही, हे नमुना पट्टीवर बघा आणि मग ठरवा.

चौथऱ्याच्या माथ्यावर दोन्ही पद्धतींत थोडे तपकिरी ओघळ येतील. पांढरी फरशी नको, काळा पाषाण लावा. धुवायला बोअरचं जड पाणी वापरलं तर लगेच कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि ते काळ्या लोखंडावर लांबून दिसतात.

आवार आहे म्हणजे मुलं येणारच. ५ फुटांखाली एकही उघडी धार नको, आणि ९ ते २३ सेंमीच्या मधली फट नको, त्यात डोकं अडकतं. दातेरी चाकांच्या आऱ्या नेमक्या याच मापाच्या असतात, आधी टेप लावून बघा. हाताशी येणारे भाग दक्षिण-पश्चिमेला ठेवू नका. एप्रिलच्या दुपारी तिथे हात भाजतो.

प्रयोगवही

परवानगी आणि प्रयोग, दोन्हींवर.

तुमचं शिल्प कोणा व्यक्तीचा पुतळा नाही आणि जागा संस्थेच्या आवारात आहे, त्यामुळे वाट बरीच सोपी. व्यक्तीचा पुतळा असता तर राज्य शासनाचा २ मे २०१७ चा निर्णय लागू झाला असता आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागली असती. सार्वजनिक रस्ता, फूटपाथ, चौक यांवर पुतळा नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. म्हणून कुंपणाच्या बाहेर चौथऱ्याची एक वीटही जाऊ देऊ नका. संस्थेचा ठराव, जागेचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र एवढं फाइलला ठेवा. बांधकाम परवानगी लागते का, हे महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. मालवणला डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतर उंच शिल्पाच्या प्रमाणपत्राकडे सगळेच बारकाईने बघतात, आणि ते योग्यच आहे.

आता प्रयोग. खरा माग आवारात चालवायचा विचार असेल तर थांबा. माग पायाला बोल्टने बांधलेला नसला तर स्वतःच्या झटक्याने सरकतो. आणि धोटा उडतो. फणीला किंवा सुताला अडला की मागाच्या कडेच्या पेटीत न जाता बाहेर येतो, टोक लोखंडी असतं. मागाच्या डाव्या-उजव्या बाजूला, म्हणजे धोट्याच्या रेषेत, आणि समोरही प्रेक्षक उभे करायचे नाहीत, जाळी लावूनच. धोट्याशिवाय चालवायचा म्हटलं तर पेटीत धोटा नाही म्हणून माग आपोआप थांबतो. ती अटक सोडवावी लागते, ते काम जॉबरकडूनच (माग दुरुस्त करणाऱ्याकडून) करून घ्या.

ध्वनिमुद्रण वापरणं बरं. माइक मागापासून दीड-दोन मीटरवर, फटक्याचा सर्वोच्च आवाज उणे १२ डेसिबलच्या आत राहील अशी पातळी. दुसरा माइक जमिनीजवळ, मोटर आणि पट्ट्याची घरघर पकडायला. एकाच मागाचा ठेका १० मिनिटं सलग घ्या. मग कलाकारांना मोजायला तोच द्या. चार मागांचा एकत्र आवाज फार भरीव वाटतो, पण त्यात नाचणाऱ्याला सम सापडत नाही.

लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी, आणि रात्री १० नंतर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा किंवा दवाखान्याजवळची जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेली असेल तर ५०. मागाच्या शेडमधला खरा आवाज ९० च्या वर असतो, तो तसाच ऐकवायचा मोह होईल. त्यापेक्षा स्पीकर लहान घ्या, चार ठेवा आणि प्रेक्षकांच्या कानाच्या उंचीवर लावा. आवाज जवळून येतो आणि कुंपणाबाहेर फार जात नाही.

सूत गुंडाळणं हा तुमच्या प्रयोगातला सगळ्यात सुंदर भाग असणार, म्हणून त्याची काळजी. सुती, जाड, रंग न सोडणारं सूत. नायलॉन नको, पक्षी अडकतात. हॅलोजन दिवे सुतापासून ३ फूट लांब, शक्यतो एलईडीच. कलाकारांना हातमोजे नसले तरी बोटांना चिकटपट्टी हवी, फणीचे दाते कापतात. रंगीत तालीम पूर्ण वजनाच्या शिल्पावर एकदा तरी करा: तीन जण एकाच दिशेने ओढू लागले की पट्ट्या हलतात. आणि सूत त्याच रात्री उतरवा. दोन दिवस राहिलं तर दव धरून ठेवतं, आणि टॅनिकच्या थरावर सुताच्या रेषा गंजाने उमटतात.

ताणाबाणा

सूत त्याच रात्री उतरवू, हे डोक्यात नव्हतं. झाळ, एकच शेवटचं: चौथऱ्याचे बोल्ट काँक्रीटसोबत ओतायचे की नंतर ड्रिल मारून केमिकलने बसवायचे?

झाळ

सोबतच ओता. एम २० चे (२० मिमी व्यासाचे) चार एल बोल्ट, ६० सेंमी लांब, गॅल्व्हनाइज केलेले, ३५ सेंमीच्या चौकोनात. ६ मिमी प्लायवर बेस प्लेटचीच भोकं उतरवून टेम्पलेट करा, बोल्ट त्यात वरून-खालून नट लावून घट्ट धरा आणि टेम्पलेट साच्याला खिळ्यांनी बांधा, रिंगांना नाही. व्हायब्रेटर लागला की रिंगा हलतात. आट्यांवर ग्रीस लावून वरून प्लास्टिक गुंडाळा. ओतून झाल्यावर अर्ध्या तासाने कर्ण मोजा, दोन्ही सारखे यायला हवेत. ३ मिमीपर्यंत फरक असेल तर ओलं असतानाच सरकवता येतो, दुसऱ्या दिवशी नाही.

बसवताना प्रत्येक बोल्टवर खाली एक नट ठेवून बेस प्लेट त्यावर टेकवा, ओळंबा बघत नट फिरवून शिल्प सरळ करा, वरून दोन-दोन नट. मग प्लेटखालच्या ३० मिमी जागेत न आकसणारं ग्राउट एकाच बाजूने ओता, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. कण्याच्या बुडाचं १२ मिमीचं भोक ग्राउटने बुजू देऊ नका. आधी त्यात लाकडी खुंटी ठोका, ग्राउट बसल्यावर काढा.

४५० किलोला क्रेन न मिळाली तर तिपाई आणि २ टनी चेनपुली पुरते. कण्याच्या माथ्यावर १६ मिमीचा कान आधीच वेल्ड केलेला हवा. दातेरी चाकाला पट्टा अडकवून उचलू नका.